पाच काय, बैलं?

आमच्या कॉलेजच्या जुन्या विभागप्रमुखांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. त्यानिमित्त गौरवग्रंथ निघतो आहे. समितीतल्या एका गृहस्थांनी मला फोन करून सांगितलं, की ‘सरांचं वर्णपटशास्त्रातलं योगदान’ या विषयावर दोन पानं लिहून द्या. मी तब्येतीचं कारण सांगितलं. तब्येत ठणठणीत आहे. फोन ठेवला आणि डोकं असं तापलं, की समोरचा चहा कधी निवला ते कळलं नाही. योगदान म्हणे. मग कागद ओढला आणि लिहायला बसलो, फक्त माणूस बदलला. सरांचं नाव या लेखात येणार नाही. ते त्या ग्रंथात पानोपानी येणारच आहे. मला लिहायचं आहे ते गुल्हाने मॅडमवर, ज्यांचं नाव त्या ग्रंथात कुठेही नसेल याची मला खात्री आहे.

मी वर्ध्याच्या त्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या दारातून एका बाईचा आवाज ऐकू आला. आत प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. एका मुलानं घाबरत घाबरत उत्तर दिलं, “नऊ पॉइंट आठ, मॅडम.”

“नऊ पॉइंट आठ काय? बैलं?”

मुलगा इतका भेदरला होता, की म्हणाला, “हाव, मॅडम.”

सगळी प्रयोगशाळा हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्या मुलाला शेवटच्या टेबलावर बसवलं आणि सांगितलं, की नऊ पॉइंट आठ बैल एका झाडावरून खाली पडले तर काय होईल ते लिहून आण. तो बिचारा संध्याकाळपर्यंत लिहीत होता. मला तेव्हा वाटलं, की ही बाई दुष्ट आहे. पुढं पुष्कळ वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, तरी मॅडम प्रेमळ होत्या असं काही मी लिहिणार नाही. त्या तिखट होत्या, माणसाचा पाणउतारा करायला मागंपुढं पाहत नसत, आणि एककाशिवाय, म्हणजे मीटर की सेकंद ते न सांगता, आकडा लिहिलेलं पान टरकन फाडून टाकत. मुली रडत. मुलं त्यांना मागून ‘बैलबाई’ म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

पण ही तऱ्हा त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. वडिलांचं रोहण्याला धान्याचं दुकान. लहानपणी गिऱ्हाईक येऊन ‘चार पायल्या ज्वारी’ म्हणालं, की वडील आधी विचारत, “कोनची पायली?” कारण पायलीचं माप सगळीकडे सारखं नव्हतं. या गावची पायली त्या गावात नेली, की दाणे कमी-जास्त भरायचे आणि दुकानासमोर भांडणं जुंपायची. मॅडम सांगत, “मानसं आकड्यावर भांडत नाईत, काळे. आकडा दोघाईचा सारखाच राह्यते. भांडन पायलीवर होते.” हे सांगताना त्यांचा आवाज चढलेला असायचा, जणू मीच कुणाला तरी खोटी पायली दाखवली होती.

नालवाडीला त्यांचं घर होतं. यजमान वसंतराव, वीज मंडळात होते, स्वभावानं शांत. त्यांच्याकडे चहाला गेलो, की हा खेळ ठरलेला. मॅडम स्वयंपाकघरातून विचारत, “साखर किती?” वसंतराव म्हणत, “दोन.” आतून आवाज येई, “दोन काय?” आणि वसंतराव माझ्याकडे बघून डोळा मारत आणि म्हणत, “दोन दाने.” मग त्यांना खरोखर दोन दाण्यांचा चहा मिळायचा, आणि ते तो मिटक्या मारत प्यायचे. एवढ्या वर्षांत मी मॅडमच्या तोंडून एकदाही नुसता आकडा ऐकला नाही. वेळ विचारली तर ‘साडेचार’ न म्हणता ‘साडेचार वाजले’ म्हणायच्या. तापात पडल्या होत्या तेव्हासुद्धा डॉक्टरला ‘एकशे दोन अंश फॅरनहाइट’ असं पूर्ण सांगितलं. हे मी कौतुकानं सांगत नाही आहे. शेवटाकडे येताना ते लक्षात असावं म्हणून सांगतो आहे.

आमच्या विभागात प्रकाश देणाऱ्या पावडरींवर काम चाले. ट्यूबलाइटच्या आत जो पांढरा थर असतो, त्या जातीच्या पावडरी. भट्टीत वेगवेगळी मूलद्रव्यं चिमूटचिमूट घालून पावडर भाजायची, तिच्यावर प्रकाश टाकायचा आणि ती कोणत्या रंगाचा प्रकाश परत फेकते त्याचा वर्णपट घ्यायचा. कागदावर येतो तो एक डोंगर. खऱ्या मोजमापाचे ठिपके वेडेवाकडे पडतात, म्हणून त्यांतून सगळ्यांत चांगली बसेल अशी गुळगुळीत घंटेच्या आकाराची रेघ संगणकाकडून बसवून घ्यायची. याला आम्ही फिटिंग म्हणतो. त्यातून तीन आकडे हाती येतात: शिखर कुठं आहे, डोंगर किती रुंद आहे आणि किती उंच आहे. सगळं संशोधन या तीन आकड्यांवर उभं असतं.

आणि इथंच आमच्या धंद्यातली एक चालढकल मॅडमच्या डोक्यात जायची. एखाद्या राशीचं एकक ठाऊक नसलं, की आमच्यातले लोक आलेखाच्या बाजूला ‘ए.यू.’ अशी दोन अक्षरं टाकून मोकळे होतात. ‘आर्बिट्ररी युनिट’, म्हणजे मनमानी एकक. डोंगराच्या उंचीपुरतं ते चालतं, सगळं जग तसं लिहितं. पण लोकांना सवय लागली, की ते कुठंही लिहितात. मॅडम म्हणत, “ए.यू. म्हनजे काय सांगू का? ए.यू. म्हनजे मले मालूम नाई, अन् विचारू बी नका.” विभागप्रमुखांच्या जवळजवळ प्रत्येक शोधनिबंधात ए.यू. होतं. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर त्या हे वाक्य म्हणत आणि सर कपात बघत बसत.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पुण्याहून त्यांना एक सीडी आणून दिली. तिच्यात पायथॉन ही संगणकाची भाषा होती. मॅडम तेव्हा पन्नाशीला आलेल्या. विभागातल्या एकुलत्या एक बऱ्या संगणकावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, त्या ती भाषा शिकल्या. शिकतानाही भांडतच शिकल्या. त्यांचं भांडण होतं ते रेघ बसवून देणाऱ्या तयार प्रोग्रॅमशी, कारण त्याला फक्त नुसते आकडे लागत. नॅनोमीटर, इलेक्ट्रॉन-व्होल्ट असलं काही त्याला सांगितलं तर तो घ्यायचाच नाही. मग मॅडमनी त्याच्याभोवती आपला स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. त्यात प्रत्येक आकड्याला त्याचं एकक चिकटलेलं असे.

रंजनाला त्यांनी तो समजावून सांगितला तेव्हा मी तिथंच होतो. रंजना ही आमच्या विभागातली संशोधक विद्यार्थिनी, कारंजा घाडगेची, सरांकडे पीएच.डी.ला नोंदलेली. मॅडमना विद्यापीठाची मार्गदर्शक म्हणून मान्यता नव्हती, ती का नव्हती यावर वेगळा लेख लिहावा लागेल. पण काम ती मॅडमजवळच शिकायची.

“देवळात जातं तं चपला कुठं ठेवतं?” मॅडमनी विचारलं.

“बाहेर, मॅडम.”

“हा फिटिंगवाला आत चपला घेऊ देत नाई. मंग दारात काढाच्या. पन कोनाची कोनती हे लिहून ठेवाचं. बाहेर आलं का ज्याची त्याले. शिखराची शिखराले, रुंदीची रुंदीले. लोकं काय करतेत, आत जातेत अन् येताना भेटंल ते पायात घालून चालले जातेत.”

एकक चुकलं तर तो प्रोग्रॅम थांबायचा आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मॅडमचंच वाक्य यायचं: काय, बैलं? रंजनाला त्याचं भारी हसू यायचं.

त्या वाक्यानंच पुढचं सगळं घडलं. कॉलेजची पाहणी करायला बाहेरची एक समिती आली होती. सरांनी पाहुण्यांना संगणक दाखवायला नेलं आणि ‘आम्ही विकसित केलेला प्रोग्रॅम’ म्हणून स्वतःच खुर्चीत बसले. एकक न देता नुसते आकडे टाकले. पडदा थांबला आणि पाहुण्यांच्या समोर सरांना विचारता झाला, काय, बैलं? सरांनी पुन्हा टाकले. पुन्हा तेच. समितीतले एक म्हातारे गृहस्थ वऱ्हाडातले होते. ते इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. सरांचे कान लाल झाले. मॅडम दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि त्यांनी चूक काय ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? मला आजही नाही वाटत.

त्या उन्हाळ्यात मॅडमची आई रोहण्याला आजारी पडली आणि त्या सुट्टीभर तिकडे राहिल्या. इकडे रंजनाच्या प्रबंधाची घाई सुरू झाली. आर्वीच्या एका कॉलेजात जागा होती, रंजनासाठी ते कॉलेज थांबायला तयार होतं, पण पदवी हातात पाहिजे होती. घरी म्हातारा होत चाललेला बाप, त्याचा हायवेवरचा ढाबा, पाठची दोन भावंडं. त्या जागेवर सगळ्यांची नजर होती. सरांनी बाहेरच्या एका संगणकवाल्याला बोलावलं आणि सांगितलं, की या प्रोग्रॅममधली ती कटकट काढून टाक. त्यानं एककं काढली. सगळे आकडे नॅनोमीटरमधून इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीतून त्याच्या ऊर्जेत, न्यायला एकच सूत्र टाकलं, बाराशे चाळीसला आकड्यानं भागायचं.

शिखरासाठी ते सूत्र बरोबर आहे. सहाशे वीसवर शिखर असेल तर उत्तर दोन येतं. पण रुंदीलाही त्यानं तेच सूत्र लावलं. बासष्ट नॅनोमीटर रुंदीचे झाले वीस इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खरे यायला हवेत शून्य पॉइंट दोन. डोंगर दोनवर उभा आणि रुंदी वीस. प्रोग्रॅमनं पूर्वी हे तिथंच अडवलं असतं, पण आता विचारणारं कुणी नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे भागाकारामुळं सगळं उलटं झालं. जो डोंगर जास्त रुंद, त्याचा आकडा कमी. पावडरीत मूलद्रव्य वाढवत नेलं, की रुंदी घटते असं दिसायला लागलं. आजवर कुणाला असं दिसलं नव्हतं. सरांना हा शोध वाटला. रंजनानं भीत भीत म्हटलं, की सर, वीस जास्त वाटतात. सर म्हणाले, रकान्यावर ए.यू. लिहून टाक. मार्गदर्शक सांगतोय म्हटल्यावर ती काय करणार? लिहिलं, आणि प्रबंध विद्यापीठाकडे गेला.

मॅडम परत आल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर बसलो होतो. त्यांनी प्रत चाळली आणि त्या तक्त्यापाशी थांबल्या. रंजना शेजारी उभी. मॅडम पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या.

“पोरी, तुयं कारंजं नागपूरहून किती दूर आहे ते कुठं लिहून राह्यते?”

“मैलाच्या दगडावर.”

“अन् कारंजं गाव किती रुंद आहे, ते त्या दगडावर भागाकार करून निघंल का?”

रंजनाला कळलं. मॅडम तिच्यावर ओरडल्या नाहीत. त्या उठून सरांच्या खोलीत गेल्या, आणि तिथून जे ऐकू आलं ते सगळ्या मजल्यानं ऐकलं. “मागं घ्या. आजच मागं घ्या.” सर म्हणत होते, आता गेलं ते गेलं, परीक्षक एवढं कुठं बघतात.

परीक्षकांनी बघितलं. प्रबंध परत आला तो कडक शेऱ्यांसह. आणि सरांनी लगेच सगळं खापर फोडलं ते प्रोग्रॅमवर. प्रोग्रॅम कुणाचा? गुल्हाने मॅडमचा.

प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. मी तिथं उभं राहून सांगितलं, की मूळ प्रोग्रॅम मी चालताना पाहिला आहे, त्यात ही चूक होऊच शकत नव्हती. मला सांगण्यात आलं, की तुम्ही बसा, तुम्हाला विचारलेलं नाही. प्राचार्य भला माणूस होता, पण त्याला खोली लवकर मोकळी करायची होती. त्यानं मॅडमना दोन रस्ते सांगितले. प्रोग्रॅममध्ये चूक होती असं त्यांनी लिहून दिलं, तर तांत्रिक दोष म्हणून रंजनाला दुरुस्त प्रबंध लगेच देता येईल. नाही तर चौकशी, आणि चौकशी होईपर्यंत प्रबंध जागचा हलणार नाही.

“चौकशी किती?” मॅडमनी विचारलं.

“म्हणजे?”

“किती दिवस, किती महिने, किती वर्षं?”

“ते आता कसं सांगणार?”

“म्हनजे ए.यू.,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते. मॅडमचं नाक लाल झालं होतं. मला वाटलं, आता टेबल उलथं करतील. त्यांनी कागद ओढला आणि सही केली. ज्या बाईनं आयुष्यात चुकीच्या आकड्याखाली सही केली नव्हती, तिनं त्या खोट्या वाक्याखाली केली. बाहेर आल्यावर मी काही बोलायला गेलो तर माझ्यावर खेकसल्या, “बोलू नका, काळे. तुमचं तोंड पाहूनई राग येऊन राह्यला.”

त्यानंतर त्यांना प्रयोगशाळेच्या संगणकावर बसायची बंदी झाली. म्हणून त्यांनी नालवाडीच्या घरी विद्यार्थ्याकडून जुना संगणक आणवला आणि रंजनाला सगळे वर्णपट पुन्हा बसवायला लावले. मूलद्रव्य वाढलं, की रुंदी वाढते. पुस्तकात असतं तेच. रंजना हिरमुसली, म्हणाली, “हे तं साधंच निघालं, मॅडम.” मॅडम म्हणाल्या, “साधं आहे ना? मंग पुन्हा तपास, अन् तरी साधंच आलं तं लिहून टाक.”

तोंडी परीक्षेला सभागृह भरलं होतं. सर पहिल्या रांगेत सोफ्यावर, नवा सफारी घालून. मॅडमना आमंत्रण नव्हतं. त्या आल्या आणि शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या. रंजना छान बोलली, प्रत्येक आकड्यामागं एकक ठेवत. सरतेशेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा पुसत विचारलं, “एक कुतूहल आहे. तुम्ही लिहिता, की हा प्रोग्रॅम एककं सांभाळतो. मग मागच्या वेळी ती सांभाळली का नाहीत?”

रंजनानं हातातला प्रबंध मिटला.

“सर, प्रोग्रॅममध्ये एककं होती,” ती म्हणाली. “ती नंतर...” आणि तिनं सोफ्याकडे पाहिलं. सर पेनचं टोपण काढून पुन्हा लावत होते. तिचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. ती सांगणार होती. ती सांगायला निघालीच होती, मग आर्वीची जागा राहो की जावो.

“मी काढली.”

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. मॅडम उभ्या होत्या.

“प्रोग्रॅम माझा आहे. एककं मी काढली होती. तिचा त्यात काही संबंध नाही. पुढचं विचारा.”

आणि त्या बसल्या. परीक्षकांनी मान हलवली, पुढचं विचारलं, आणि थोड्या वेळानं टाळ्या झाल्या. सरांनी रंजनाच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढला. तो फोटो गौरवग्रंथात नक्की असेल.

मी पेढे सोडून सायकल स्टँडकडे धावलो. मॅडम लुनाला पेडल मारत होत्या आणि लुना सुरू होत नव्हती. त्यांनी तिला एक लाथ घातली. मी म्हटलं, मी ढकलतो. त्या म्हणाल्या, “हात नका लावू.” सभागृहातून हसण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, मॅडम, उन्हात कुठं नेता ही, रिक्षा बोलावतो. नालवाडी किती लांब आहे इथून.

“असंन दोन,” त्या म्हणाल्या.

मी थांबलो. पुढचा शब्द येईल म्हणून थांबलो. त्या लुनाचं हँडल धरून फाटकाकडे बघत होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, तो शब्द काही आला नाही. दोन काय, हे विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्या रजेवर गेल्या, पुढच्या महिन्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि कॉलेजच्या आवारात मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. लुना ढकलत त्या फाटकाबाहेर गेल्या आणि नालवाडीच्या रस्त्याला लागल्या.